आपली टीम कुठली हो?

तर मंडळी, रणजी मोसम तोंडावर आला की आमच्या हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये तज्ज्ञांचं पीक येतं. कोण आला, कोण गेला, कॅप्टन कोण. मी मूळचा नाशिककर, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. सोमवार ते शुक्रवार गिळलेलं सगळं आज शनिवारी नाशिकच्या घरी, दुसऱ्या चहाबरोबर, इथे ओकतोय. सांभाळून घ्या.

2025 चंच उदाहरण घ्या. जुलैत बातमी आली की पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. मागोमाग केरळकडून नऊ मोसम खेळलेला जलज सक्सेनाही आला. आमच्या ग्रुपवर लगेच दिवाळी! ऑक्टोबरमध्ये गहुंज्याला मुंबईविरुद्ध सराव सामना झाला. शॉने 181 ठोकले आणि आऊट झाल्यावर जुन्या सहकाऱ्यांशी भांडणही केलं. झालं, 'यंदा रणजी आपलीच' असे मेसेज सुरू.

मग आला 15 ऑक्टोबर. तिरुवनंतपुरम, समोर केरळ. स्कोअर किती? शून्यावर तीन! हो, एकही धाव न होता तीन आऊट, आणि त्यात शॉ. ऋतुराजचे 91 आणि सक्सेनाचे 49 होते म्हणून अब्रू वाचली. पुढे त्याच शॉने चंदीगडविरुद्ध 222 केले. तेव्हा त्याला बॅटिंग येते का, हा वादच नाही. माझं भांडण शॉशी नाहीच मुळी. माझं भांडण तुमच्या-माझ्याशी आहे. मुंबईतून कुणीतरी आल्याशिवाय आपल्याला आपल्या टीमची आठवणच होत नाही, त्याचं काय?

जानेवारी 2025 मध्ये गोल्फ क्लबवर महाराष्ट्र विरुद्ध बडोदा रणजी सामना होता. (बाहेरच्यांसाठी: हे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फशी संबंध फक्त नावापुरता.) शनिवारी मी जाऊन बसलो. जॉगिंग करणारे एक काका माझ्याजवळ थांबले.

"काय रे, कोणाची मॅच?"

"काका, रणजी. महाराष्ट्र-बडोदा."

"अस्सं. मग आपली मुंबई कधी येणार?"

आपली मुंबई! महाराष्ट्राने तो सामना 439 धावांनी जिंकला. सोमवारी ऑफिसात हे किती जणांना माहीत होतं? एक. तो मीच.

आता कुणी म्हणेल, अरे, मुंबई महाराष्ट्रात नाही का? आहे ना. पण क्रिकेटच्या नकाशावर या एका राज्यात तीन टीम आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नाशिकचं पोरगं खेळणार ते तिसऱ्या टीमकडून. सत्यजित बच्छाव याच टीमकडून खेळला. सिन्नरची माया सोनवणेही महाराष्ट्राकडूनच पुढे आली. मुंबईच्या 42 रणजी ट्रॉफ्यांमध्ये (2023-24 ची धरून) आपला वाटा फक्त टाळ्यांचा.

आणि आपली टीम काय लिंबूटिंबू आहे का? पन्नाशीला टेकलेल्या प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीत 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. 1948 मध्ये भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्यांनी सामनाच सोडला! 2016 मध्ये गुगळे आणि बावणे यांनी दिल्लीविरुद्ध 594 ची अभेद्य भागीदारी केली, तीही वानखेडेवर. जानेवारी 2014 मध्ये त्याच वानखेडेवर केदार जाधव आणि जालन्याच्या विजय झोलने मुंबईला उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं होतं. (मुंबईचं घर तिथेच आहे, तो भाग वेगळा.)

पण ट्रॉफी? 1941 नंतर तीन फायनल हरलो: 1970-71, 1992-93, 2013-14. त्यातली पहिली मुंबईकडून, 48 धावांनी. तेही मुंबईचे कसोटीवीर वेस्ट इंडिजला गेलेले असताना!

खरी मिरची लागते ती विदर्भाकडे बघून. ज्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं, त्यांनी 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशा तीन रणजी उचलल्या. ते बाहेरचे लोक घेत नाहीत? घेतात की! वसीम जाफर मुंबईचा, कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे, करुण नायर कर्नाटकचा. फरक इतकाच की त्यांच्या भोवती घरची पोरं होती. 2017-18 च्या फायनलमध्ये हॅटट्रिक रजनीश गुरबानीची. 2024-25 मध्ये मोसमात 69 विकेट्सचा विक्रम हर्ष दुबेचा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बाहेरून सिनियर आणा, जरूर आणा, पण तो कुणाला तयार करून जातो ते बघा. नुसता फ्रेशर-भरती बंद करून सिनियरवर प्रोजेक्ट चालवला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी भोगलंय.

आमच्या कॉलनीत पंधरा वर्षांचा एक फास्ट बॉलर आहे. एकदा निवड चाचणीसाठी तो पहाटे वडिलांबरोबर एसटीने पुण्याला गेला. दोनशे किलोमीटर. नंबर आला संध्याकाळी, बॉल मिळाले सहा. रात्री दोनला परत. वडिलांचा एक दिवसाचा पगार गेला तो वेगळाच. पुढच्या वर्षी त्यांनी साफ सांगितलं, "बारावीकडे लक्ष दे." मी इंजिनियर असून सांगतो, आपल्याकडे इंजिनियर पुरेसे आहेत हो!

2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, नाशिकच्या नावाची टीम आली. त्या मोसमाचे सामने मात्र गहुंज्यात. नाव आपलं, मैदान त्यांचं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? सोपं आहे. गोल्फ क्लबवर पुढचा रणजी सामना असेल तेव्हा एक दिवस सुट्टी टाका आणि येऊन बसा. पोरं खेळतात तिथे आवाज करा. रिकाम्या मैदानासाठी कोण स्टॅंड बांधणार? ज्या टीमवर कुणी हक्क सांगत नाही, तिच्या निवड चाचण्या आपल्या गावात कोण घेणार? मुंबईला टाळ्या वाजवणारे भरपूर आहेत, आपल्यावाचून त्यांचं काही अडत नाही. इथे अडतंय.

काका पुन्हा भेटलेच तर उत्तर तयार ठेवलंय: "आपली टीम आत्ता खेळतेय, बसा ना."

असो. चहा गार झाला.

ता.क. : कट्टर मुंबईकर मित्रांनो, शिव्या खुशाल द्या. पण आधी गुगळेंचा स्कोअर न बघता सांगा. 351 नाबाद. बघा, नव्हतं ना माहीत?