हसायचं कोणाला?

सर्वांत भारी ब्रिटिश सिटकॉम कोणती? या प्रश्नावर खुद्द ब्रिटिशांचंही एकमत नाही, तिथे आपण काय बोलणार! २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने टीव्हीच्या क्षेत्रातल्या जाणकारांकडून शंभर सर्वोत्तम कार्यक्रमांची यादी करून घेतली, त्यात पहिला नंबर आला 'फॉल्टी टॉवर्स'चा. २००४ मध्ये बीबीसीने सामान्य प्रेक्षकांनाच मत द्यायला सांगितलं. तेव्हा पहिली आली 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस', दुसरी 'ब्लॅकअ‍ॅडर' आणि 'फॉल्टी टॉवर्स' घसरली थेट पाचव्या नंबरवर! सहावी होती 'येस मिनिस्टर'. म्हणजे जाणकारांचं एक आणि जनतेचं भलतंच. आता तिसरं मत माझं.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिटकॉम म्हणजे तीच पात्रं, तीच जागा, दर भागात नवी भानगड आणि अर्ध्या तासात खेळ खल्लास. त्यातही ब्रिटिशांचा आटोपशीरपणा वाखाणण्यासारखा. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग किती, तर फक्त १२. सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये, बस्स. 'द ऑफिस'ची मूळ ब्रिटिश मालिका (२००१ ते २००३) १४ भागांत आटोपली, तिच्याच अमेरिकन अवताराचे २०१ भाग झाले. आपल्याकडे १२ भागांत धड साखरपुडाही उरकत नाही!

आता मालिका निवडायची कशी? कोण म्हणतं जी सर्वांत जास्त हसवते ती, कोण म्हणतं जी जुनी होत नाही ती. माझी कसोटी वेगळी आहे. ही मालिका मला कोणाला हसायला लावते, एवढंच मी बघते. आणि इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा भाषेपाशी येऊन थांबतं. तिथे माणसाने तोंड उघडलं की त्याचं घर, शाळा, बापाचा धंदा सगळं समोरच्याला कळतं म्हणे. (आपल्याकडेही फार वेगळं नाही, पण ते पुढे.)

सुरुवात करू आपल्या आईबाबांच्या पिढीच्या लाडक्या मालिकेपासून, 'माइंड युअर लँग्वेज'. १९७७ साली आयटीव्हीवर सुरू झालेली ही मालिका. लंडनमधला इंग्रजीचा रात्रवर्ग, मिस्टर ब्राऊन नावाचे सज्जन सर आणि देशोदेशीचे विद्यार्थी. त्यात पंजाबचा रणजीत सिंग आहे, पाकिस्तानचा अली आहे, साडी नेसून विणकाम करत बसलेली जमिला आहे. आपल्याकडे ती इतकी आवडली की १९९३ मध्ये दूरदर्शनवर पंकज कपूर यांची 'जबान संभालके' आली. तिथे परदेशी आणि दक्षिण भारतीय मंडळी हिंदी शिकायला येतात.

मजा येते, नाही असं नाही. पण दहा भाग सलग बघा. रणजीत उठसूट हजार वेळा माफी मागतो, इटालियन माणूस हातवारे करतो, जपानी माणूस वाकतो. प्रत्येकाला एकच चावी दिलेली, ती फिरवली की खेळणं चालू. ही माणसं स्वतःच्या भाषेत कशी बोलत असतील, घरी कोणाला रागवत असतील, कशावर रडत असतील, याचा लेखकाला पत्ताच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हसणारा प्रेक्षक कायम इंग्रजी येणाऱ्याच्या बाकावर बसलेला असतो. माझ्या यादीत ही मालिका म्हणूनच खाली आहे.

आता 'फॉल्टी टॉवर्स' बघा. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातलं हॉटेल, त्याचा मालक बेसिल फॉल्टी म्हणजे जॉन क्लीझ. (क्लीझ आणि त्याची तेव्हाची बायको कॉनी बूथ यांनी मिळून ही मालिका लिहिली.) इथेही इंग्रजी न येणारा एक माणूस आहे, बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल. बेसिल त्याला ओरडतो, डोक्यात मारतो, कपाळावर चमचा हाणतो. मग फरक काय राहिला?

फरक पहिल्याच भागात दिसतो. बेसिलला हॉटेलात 'वरच्या दर्जाचे' लोक यायला हवे असतात, म्हणून त्याने एका उच्चभ्रू मासिकात जाहिरात दिलेली असते. साध्या कपड्यातला, साध्या बोलीतला एक तरुण येतो, त्याला हा तुच्छतेने वागवतो. लॉर्ड मेलबरी नावाचे कोणी बडे गृहस्थ आले की मात्र याच्या अंगाचं पाणी पाणी. शेवटी कळतं की लॉर्ड हा चक्क भामटा आहे आणि तो साधा तरुण त्याला पकडायला आलेला पोलीस! आणि कहर म्हणजे तोच तरुण मॅन्युएलशी अस्खलित स्पॅनिशमध्ये गप्पा मारतो. बेसिल मात्र आपण शुद्ध अभिजात स्पॅनिश शिकलोय अशी फुशारकी मारत फिरतो आणि त्याचं एक वाक्य मॅन्युएलला कळत नाही. म्हणजे भाषा न येणारा नेमका कोण?

आता कोणी म्हणेल की मॅन्युएलही हास्यास्पदच दाखवलाय. मान्य. स्पेनमध्ये ही मालिका दाखवताना त्याला इटालियन करावं लागलं, यातच काय ते आलं. पण एक गोष्ट आवर्जून सांगते. मॅन्युएल झालेले अँड्र्यू सॅक्स मूळचे बर्लिनचे. नाझींच्या राजवटीतून सुटून १९३८ मध्ये त्यांचं कुटुंब इंग्लंडला आलं तेव्हा ते लहान होते. परक्या भाषेत वाढायचं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मला वाटतं म्हणूनच मॅन्युएल कितीही गोंधळला तरी मनातून उतरत नाही. भाग संपताना आपण बेसिलला हसत असतो आणि मॅन्युएलची काळजी करत असतो.

'ओन्ली फूल्स'बद्दल एवढंच सांगते की दक्षिण लंडनमधला डेल बॉय पिवळ्या तीनचाकी व्हॅनमधून सटरफटर माल विकतो आणि छाप पाडायला भलतीच फ्रेंच फेकतो. त्याची फ्रेंच चुकते, त्याला आपण हसतो, पण तो श्रीमंत व्हावा असंही मनापासून वाटत राहतं. १९९६ च्या नाताळात तो खरंच लखपती झाला, तेव्हा २ कोटी ४३ लाख लोक टीव्हीसमोर होते! 'ब्लॅकअ‍ॅडर'ची १९८९ ची चौथी मालिका पहिल्या महायुद्धाच्या खंदकात घडते. ऐटबाज इंग्रजी बोलणारे जनरल मागे सुरक्षित बसून हुकूम सोडतात, आणि शेवटच्या भागात आपली सगळी वेडी पात्रं खंदकातून बाहेर पडून गोळीबारात धावत जातात. इतका वेळ हसवून शेवटी असं गप्प करणारी सिटकॉम मी दुसरी पाहिली नाही.

आपल्या इंजिनिअर मंडळींची लाडकी 'द आयटी क्राऊड' विसरून चालणार नाही, नाहीतर कॉम्प्युटर डिपार्टमेंट मला जिवंत ठेवणार नाही. २००८ मधला तो भाग आठवा. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो न कळणाऱ्या जेनला रॉय आणि मॉस एक काळी डबी देतात आणि सांगतात, हेच ते इंटरनेट. ती भरसभेत डबी दाखवेल, लोक तिला खो खो हसतील, असा यांचा डाव. होतं उलटंच! सुटाबुटातले सगळे शेअरहोल्डर डबीकडे डोळे विस्फारून बघत बसतात. एकालाही शंका येत नाही, कारण बोलणारी आत्मविश्वासाने बोलते आहे. सेमिनार दिलेल्या प्रत्येकाने हा भाग पाहावा.

आणि आता माझा पहिला नंबर : 'येस मिनिस्टर' आणि तिचा पुढचा भाग 'येस, प्राइम मिनिस्टर'. १९८० ते १९८८, एकूण ३८ भाग, लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. मंत्री जिम हॅकर आणि त्याचे सचिव सर हम्फ्री. हम्फ्री ऑक्सफर्डचे, लॅटिन-ग्रीक कोळून प्यायलेले, आणि मंत्र्याला ते येत नाही याची जाणीव करून देण्याची एकही संधी न सोडणारे. मंत्री साधा हो की नाही असा प्रश्न विचारतो. उत्तरादाखल हम्फ्री एक वाक्य सुरू करतात. ते वाक्य वळणं घेत घेत असं काही लांबतं की संपेपर्यंत प्रश्न काय होता तेच विसरायला होतं. व्याकरणाची एक चूक नाही, उच्चार चोख, अर्थ शून्य! नायजेल हॉथॉर्न यांना या भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा मिळालं, ते उगीच नाही. निर्णय 'धाडसी' आहे असं हम्फ्री म्हणाले की मंत्र्याला घाम फुटतो, कारण त्या भाषेत 'धाडसी' म्हणजे निवडणूक हरवणारा. १९८१ च्या एका भागात तर नवंकोरं सुसज्ज हॉस्पिटल आहे, पाचशे कर्मचारी कामात गुंतलेत आणि पेशंट एकही नाही. हे कसं बरोबर आहे ते हम्फ्री इतक्या सुंदर इंग्रजीत समजावतात की क्षणभर आपल्यालाही पटतं.

इथे आपण इंग्रजी न येणाऱ्याला हसत नाही. ज्याचं इंग्रजी सर्वोत्तम आहे त्याला हसतो. भाषा उत्तम असली म्हणजे माणूस खरं बोलतो असं नाही, हे अर्ध्या तासात, एकही भाषण न ठोकता कळतं. २००१ मध्ये स्टार प्लसवर फारूख शेख यांची 'जी मंत्रीजी' आली ती याच मालिकेवरून. फायलींचा कारभार इथून तिथून सारखाच, त्यामुळे ती दिल्लीत नेताना फार त्रास झाला नसावा.

हे सगळं मी कॉलेज मॅगझिनमध्ये का सांगतेय? कारण आपल्या वर्गातही हसू असतंच. तालुक्याच्या गावाहून, मराठी माध्यमातून आलेला मुलगा सेमिनारला उभा राहतो. त्याने सर्किट स्वतः जोडलेलं असतं, चुकलं कुठे हे त्याला ठाऊक असतं. पण 'इज'च्या जागी 'आर' गेलं की मागच्या बाकांवरून खसखस पिकते. त्याच्यानंतर कोणीतरी येतं, फाडफाड इंग्रजीत इंटरनेटवरून उचललेल्या स्लाइड वाचून दाखवतं, आणि टाळ्या! म्हणजे आपण 'माइंड युअर लँग्वेज'चे प्रेक्षक झालो आणि समोर काळी डबी घेऊन उभा असलेला आपल्या लक्षातच आला नाही.

मी स्वतः कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. माझं इंग्रजी बरं आहे ते आईबाबांनी भरलेल्या फीमुळे, त्यात माझी हुशारी फारशी नाही. आणि मराठी नाटकवाल्यांना हे फार आधी समजलं होतं. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिलं, तेव्हा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं ते फुलवालीला, भाषा सुधारणाऱ्या प्रोफेसराला नाही.

माझी एक मैत्रीण म्हणते, "अगं, विनोदाला अशा कसोट्या लावत बसलीस तर हसणार कधी?" उलट मी जास्तच हसते. हम्फ्रीला हसताना मनाला काही टोचत नाही, म्हणून ते हसू टिकतं.

तर माझा निकाल असा : पहिली 'येस मिनिस्टर', दुसरी 'फॉल्टी टॉवर्स', तिसरी 'ब्लॅकअ‍ॅडर'. पटलं नसेल तर खुशाल भांडायला या. मुद्दा तेवढा पक्का आणा, भाषा आणि व्याकरण तुमचं तुम्ही ठरवा.