ओलाव्याचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातले राजूर हे गाव दगडी कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांसाठी ओळखले जाते. ज्या वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात ते वसले आहे, त्याच पट्ट्यातील कोळशावर शेजारच्या जिल्ह्यातील २९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र बऱ्याच अंशी चालते. अशा केंद्रातील रसायनतज्ज्ञाचे काम म्हटले की आधी पाणी आठवते: आयन-विनिमयाने, म्हणजे रेझिनच्या बारीक मण्यांवर क्षारांचे आयन अडवून, बॉयलरचे पाणी निःक्षार करणे आणि टर्बाइनच्या पात्यांवर थर बसू नये म्हणून वाफेतील सिलिकेवर डोळा ठेवणे. तेथे अखंड मोजणारी उपकरणे दिमतीला असतात. कोळशाच्या नमुन्याला मात्र पुष्कळदा अजून फावड्याचाच आधार आहे.

एका रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, सुमारे चार हजार टन कोळसा येतो, आणि वाघिणींतून घेतलेला नमुना फोडत, ढीग करून चौथाई करत, २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरवल्यावर बॉम्ब कॅलरीमापकात जळतो तो जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे चारशे कोटी ग्रॅमांची साक्ष तो एक ग्रॅम देतो. तराजू कितीही अचूक असला, तरी वाघिणीवरून फक्त वरवरचा चुरा उचलला गेला असेल, तर ती चूक पुढे कोणत्याही उपकरणाने दुरुस्त होत नाही.

कोळशाच्या प्रतीवरून खाण आणि वीज केंद्र यांच्यात होणाऱ्या वादाचे खरे मूळ मात्र ओलाव्यात आहे. १ जानेवारी २०१२ पासून कोळशाची प्रत एकूण उष्मांकावर ठरते आणि बहुतेक प्रतींमधील अंतर किलोमागे ३०० किलोकॅलरीचे आहे. परंतु हा उष्मांक समतोलित ओलाव्यावर, म्हणजे ४० अंश सेल्सिअस व ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत कोळसा स्थिरावल्यानंतरच्या ओलाव्यावर, धरला जातो, तर बॉयलरमध्ये कोळसा जातो तो आला तसा. समजा, ६ टक्के समतोलित ओलाव्यावर उष्मांक ४१०० भरला, म्हणजे प्रत जी-११ ठरली, आणि पावसाळ्यात भिजून आलेल्या त्याच कोळशात १४ टक्के एकूण ओलावा निघाला, तर आलेल्या स्थितीतील उष्मांक ३७५० च्या आसपास उतरतो, जो आकडा जी-१२ च्या पट्ट्यात बसतो. येथे खाणीने फसवले असे नाही आणि प्रयोगशाळा चुकली असेही नाही. आधार न सांगता आकडा लिहिणे, हाच दोष आहे. उन्हाळ्यात गंगा उलटी वाहते: वैदर्भीय मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तासभर उघडी राहिलेली नमुन्याची पिशवी ओलावा गमावते, आणि कोळसा असतो त्याहून सरस दिसू लागतो.

म्हणून एकूण ओलाव्याचा नमुना वाघिणीपाशीच हवाबंद डब्यात भरून तेथेच सीलबंद व्हावा, त्या वेळी प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ स्वतः हजर असावा, आणि दैनिक अहवालात उष्मांकाशेजारी दोन्ही ओलावे छापले जावेत, अशी या मासिकाची आग्रहाची मागणी आहे. नमुना घेणाऱ्या कंत्राटी मजुराला फावडे किती खोल घालायचे आणि का, हे शिकवण्याचा खर्च नव्या कॅलरीमापकाच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि तो आधी व्हायला हवा.