वरणातलं औषध

माणसाला ओकायला लावून दारू सोडवायची, यालाही शास्त्र म्हणतात. म्हणू द्या. ते आलं कुठून ते बघा दोस्तांनो. अमेरिकेत रबराच्या धंद्यात थायुरम जातीच्या रसायनात कामगार राबायचे. सुट्टीनंतर दोन घोट घेतले की तोंड लालभडक, छाती धडधड. 1937 साली तिथल्या डॉक्टरनं हे लिहून ठेवलं. म्हणजे पहिली चाचणी कामगाराच्याच देहावर, फुकटात! 1948 मध्ये कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्याच जातीच्या डायसल्फिरॅमची गोळी पुढे आणली. दारूचं अंगात आधी एक विष होतं, लिव्हर ते मोडून काढतं. गोळी मोडूच देत नाही. काळीज कमजोर असलं तर माणूस खलास.

आमच्या कंधारकडं ही शिक्षा गुपचूप चालते. भिंतीवर रंगवलंय : रोग्याला न सांगता दारू सोडवा. माझ्या चुलतीनं अशीच पुडी आणली. ना नाव, ना मात्रा. वरणात कालवली. सांजच्याला काका गुत्त्यावरून आला अन् उंबऱ्यातच आडवा. श्वास लागेना. रात्रभर सलाइन. चुलती उशाशी, "म्या इख घातलं रं बाबा." काका वाचला. पितो अजून. फक्त तिच्या हातचं पाणी घेत नाही.

चुलतीवर माझा राग न्हाई. मार खाऊन थकलेल्या बाईला नवऱ्याचं मरण विकणाऱ्या भामट्यांवर आहे. ही गोळी रोग्याला सांगून, लिव्हर तपासून, निदान 12 तास दारू बंद ठेवून द्यायची असते. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या व्यसनालाही लागू आहे, तो रोग्याची संमती मागतो. अन् सरकार? 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीच प्यायचा परवाना देतं, तोही 'आरोग्य राखण्यासाठी'! बाटलीमागं महसूल मोजतं.

मी गोदीत ओझं उचलतो. पाठीची कळ दारूनं बधिर होते, हे मला कुणी शिकवू नये. त्या कळीवर औषध कोण काढणार?

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याचीही होती. लाखोंनी ती स्वतःच्या तोंडानं, जाणून घेतली. कुणी वरणात कालवली नव्हती.

पुढल्या सुट्टीत मी कंधारला येतोय. त्या भिंतींना डांबर फासायचंय. डबा मी आणतो, ब्रश तुम्ही आणा.