घरचं आरोग्य : जंतूंची पकड आणि आपला संकोच

मैत्रिणींनो, वसमतहून एस.टी.नं नांदेडला निघायचं म्हटलं, की आपण सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. वाटेत जायचं कुठं, हा प्रश्न! लग्नघरीही तेच. मग दोन दिवसांनी लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. सांगायचं कुणाला? लाजेनं दुखणं अंगावर काढायचं.

‘उष्णता झाली,’ असं आपण म्हणतो. खरं पाहता अशा दहा दुखण्यांतली सात-आठ ई. कोलाय नावाच्या जंतूंमुळे होतात. हे जंतू आपल्याच आतड्यातले. तिथं ते बहुधा त्रास देत नाहीत. पण बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे मूत्राशय त्यांना जवळ पडतं.

मग लघवीबरोबर ते वाहून का जात नाहीत? शेतातून आलं की लुगड्याला कुसळं चिकटलेली असतात ना, तसंच हे. या जंतूंच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. तंतूच्या टोकाला ‘फिमएच’ नावाचं प्रथिन असतं. मूत्राशयाच्या पेशींवर मॅनोज नावाची साखर असते, तिला ते धरून बसतं. नवल म्हणजे, धारेनं ओढलं की ही पकड उलट घट्ट होते! काही जंतू तर पेशींच्या आतही शिरतात.

तरी पाणी हवंच. न चिकटलेले जंतू वाढायच्या आत निघून जातात. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा त्रास वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरींना ३.२ वेळा.

तेव्हा पाणी प्या, लघवी तुंबवू नका. शौचानंतर पुढून मागे धुवा. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.) आपलं गाव हळदीचं खरं, पण हळद-दुधानं ही पकड सुटत नाही. मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका. लघवी तपासून घ्या आणि दिलेलं औषध पुरतं घ्या. थंडी-ताप, कमरेच्या वर कुशीत दुखणं, उलट्या किंवा लघवीतून रक्त दिसलं, किंवा दिवस गेलेले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरात वयात आलेली लेक असेल, तर तिला हे आजच सांगा. आपला संकोच तिच्या वाट्याला नको.