१०८९ की गुंठा?

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत जमिनीचा विषय निघाला, की '१०८९ चौरस फूट' असे कोणी म्हणत नाही. सरळ 'गुंठा' म्हणतात. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद हा हिशोब त्या एका नावात बसलेला आहे. प्रोग्राम लिहिणारे मात्र हे शहाणपण सहज विसरतात.

मोबाइलवरचा गेम घ्या. खेळाडूचा कमाल वेग १०० आणि त्याचे प्राणही १००. वेग जास्त वाटला म्हणून कोडमधले सगळे १०० बदलून ८० केले, की खेळाडू सुरुवातीलाच जायबंदी! अशा निनावी आकड्यांना प्रोग्रामर 'मॅजिक नंबर' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. उपाय सोपा आहे. सुरुवातीला एकदाच 'कमाल_वेग = १००' लिहायचे आणि पुढे सर्वत्र नाव वापरायचे.

गेममध्ये चुकले तर फार तर खेळ बिघडेल. आरोग्याच्या अॅपचे तसे नाही. रक्तक्षय ठरवण्यासाठी हिमोग्लोबिनची मर्यादा गरोदर स्त्रीसाठी ११ ग्रॅम होती आणि पाच वर्षांखालील बालकासाठीही ११च. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीसाठी आणि ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी ती १०.५ केली. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ११ कायम राहिली. कोडमध्ये नुसते '११' विखुरलेले असतील, तर यातला कोणता बदलायचा? सरसकट बदलले, तर १०.७ हिमोग्लोबिन असलेले तीन वर्षांचे मूल ठणठणीत ठरेल आणि लोहाच्या औषधाला मुकेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग आणले. क्लासवाले पालकांना पळणारा गेम दाखवतात. आतले आकडे कोण बघतो? नावे देण्याची सवय तिथेच लागायला हवी. नंतर ती लागत नाही. अर्थात 'शंभर = १००' असे नाव देणे म्हणजे नुसता पोरखेळ. नावाने आकडा नव्हे, त्याचे काम सांगायचे असते.

इंग्रजीची अडचणही सांगू नये. पायथॉनमध्ये ही नावे देवनागरीतही चालतात. दिघाशीतल्या मुलाने 'उडीची_उंची' लिहिले, तर संगणक कुरकुर करत नाही.