काठीचं पोर आणि ४१ गुण

लहान मुलांच्या झोपेबद्दल आपल्याकडे दोन मतं ठाम आहेत, आणि मला दोन्ही मान्य नाहीत. पहिलं मत: मूल रात्री आठला, स्वतःच्या बिछान्यात, एकटं झोपलं पाहिजे, झोपत नसेल तर त्याला झोपेचा विकार आहे. दुसरं मत आदिवासी भागाकडे कौतुकानं पाहणाऱ्यांचं: झोपेची दुखणी फ्लॅटमधल्यांची, सातपुड्यातलं पोर दगडावरही गाढ झोपतं, त्याची कसली तपासणी करता?

दोन्ही मतं काठीत नेऊन पाहू. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, मोलगीजवळचं हे जुन्या भिल्ल संस्थानाचं गाव राजवाडी होळीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पाड्यापाड्यांवरून माणसं चालत येतात, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा-बुध्या रात्रभर ढोलावर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. या गर्दीत आईच्या पाठीशी झोळीत झोपलेली पोरंही असतात. त्या रात्रीचं काय, एरवीही घरातली सगळी एका ओळीत जमिनीवर किंवा खाटेवर झोपतात. महू गळण्याच्या दिवसांत उजाडायच्या आत घर रिकामं होतं, आणि पोर सोबत जातं.

आता या घरात प्रश्नावली घेऊन जा. अमेरिकेत ज्युडिथ ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी झोपेच्या सवयींची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची भाषांतरं जगभर वापरली जातात. गुण मोजायचे प्रश्न ३३, प्रत्येकाला १ ते ३ गुण. म्हणजे ज्याची कसलीच तक्रार नाही त्या मुलाचेही ३३ होतातच. बेरीज ४१ झाली की मूल संशयित. काठीतलं ठणठणीत पोर घ्या. रोज ठरलेल्या वेळी झोपतं? नाही, दोन गुण वाढले. स्वतःच्या बिछान्यात झोपी जातं? स्वतंत्र बिछानाच नाही, आणखी दोन. दुसऱ्याच्या बिछान्यात झोपी जातं? हो, दोन. झोप लागताना आई किंवा बाप खोलीत लागतात? खोली एकच आहे, दोन. झाले ४१. श्वासाचा, दुखण्याचा, दिवसाच्या पेंगेचा एकही प्रश्न न विचारता पोर आजारी ठरलं! याच यादीत मूल टीव्ही पाहताना आणि मोटारीत बसल्यावर पेंगतं का, हेही विचारलेलं आहे.

ओवेन्स यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आपल्या भोवतालच्या मुलांसाठी साधन बनवलं, आणि तिथे दवाखान्यात आलेल्या मुलांपैकी ८० टक्के त्या ४१ च्या रेषेनं बरोबर ओळखली. चूक आहे ती रेषा जशीच्या तशी उचलून आणणाऱ्यांची. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ तान्ह्या आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची माहिती मांडली. न्यूझीलंडची बाळं सरासरी साडेसातच्या सुमाराला झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहाला. आपल्या मुलाच्या झोपेत अडचण आहे असं मानणारे पालक थायलंडमध्ये ११ टक्के, तर चीनमध्ये ७६ टक्के. एवढी तफावत मुलांच्या मेंदूंत असणं अवघड आहे. ती बरीचशी पालकांच्या अपेक्षांत आहे.

हे ऐकून दुसऱ्या पक्षाला आनंद होईल. त्यांनी घाई करू नये, कारण त्यांचं मत मला जास्त घातक वाटतं. पहिल्या पक्षामुळे निरोगी पोराला उगाच शिक्का बसतो. दुसऱ्यामुळे खरं दुखणं दिसतच नाही.

खरजेची खाज रात्री वाढते. पोर तासातासाला उठून खाजवतं, सकाळी किरकिरतं, आणि घरच्यांना ते हट्टी वाटतं. त्याला अंगाई नको, औषध हवं, आणि तेही घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी. चुलीच्या धुरानं रात्री खोकला उठतो. रक्तात लोह कमी असलं की काही मुलांचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. ती लाथा झाडत झोपतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, म्हणजे ही शंका दुर्मीळ रोगाची नाही. भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल आहे. या आजारात हाडं दुखून पोर रात्री रडत उठतं, घोरणं आणि झोपेत श्वास अडणं जास्त आढळतं, मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही म्हणून अंथरूणही जास्त दिवस ओलं होतं. त्याबद्दल पोराला मार बसत असेल, तर तो आजाराबद्दलचा मार आहे. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज तर पुण्यातही आहे आणि पाड्यावरही. वाढलेल्या टॉन्सिलमुळे रोज घोरणारं मूल रात्रभर श्वासासाठी झगडत असतं. झोपेत येणारी फीट बाहेरची बाधा समजून भगताकडे जाते. तान्ह्याला कुशीत घेऊन झोपणं मी वर्ज्य मानत नाही. पण शेजारचं मोठं माणूस दारू पिऊन झोपलं असेल तर तिथे संस्कृतीचा दाखला देऊ नये, बाळ बाजूला घ्यावं.

आणि ऊसतोडीचा कोयता? नंदुरबारची कुटुंबं हंगामात दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. गाडी येईल तेव्हा भरायची, मग ती मध्यरात्री का येईना. तिथल्या पोराची झोप तुटते ती मुकादमाच्या हाकेनं. त्याच्या आईला ‘झोपेचं वेळापत्रक पाळा’ असं सांगणं ही थट्टा झाली.

मग तपासायचं काय? घड्याळ आणि बिछाना हे रकाने आधी काढा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस ध्यानात ठेवावी. पण ती झोप रात्री एका दमात झाली की दुपारच्या झोळीत, याची चौकशी नंतर. आईला तासही विचारू नयेत. कोंबडा आरवण्याआधी किती वेळा उठलं, हे ती नेमकं सांगते. पुढचे प्रश्न असे: रोज घोरतं का? तोंड उघडं टाकून झोपतं का, मधेच श्वास थांबतो का? खाजवतं का? कुठे दुखतं म्हणून रडतं? हातपाय एकसारखे झटकतं का? दिवसा खेळता खेळता पेंगतं का? आणि, या महिन्यात तुम्ही गावी आहात की तोडीवर? श्वासाबद्दल शंका असेल तर मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण डॉक्टरांना बरंच सांगून जातं. झोपेच्या प्रयोगशाळेची गरज त्यानंतर, आणि मोजक्यांनाच.

यावर एक आक्षेप रास्त आहे: अंगणवाडी ताई आणि आशाताईंच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. म्हणून मी नवं रजिस्टर मागत नाही. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. त्वचारोग, तीव्र रक्तक्षय, फीट हे त्याच्या यादीत आहेतच. त्या तपासणीत ‘रात्री काय होतं?’ एवढं आईला विचारायला वेगळा कागद लागत नाही. फक्त ती फेरी ऊसतोडीची माणसं गावी असताना ठेवावी लागेल, नाहीतर ज्यांची झोप सर्वांत जास्त मोडलेली आहे ती पोरं यादीत कायम गैरहजर राहतील.