कुठे अडतो ते आधी पाहा!

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरचा सारा संसार खाली उतरतो. मोडक्या छत्र्या, कान तुटलेल्या कढया आणि गेल्या सालचा आकाशकंदील यांच्या पंक्तीला अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे. तो म्हणजे जुना लॅपटॉप. "सुरू करायला गेलं की मध्येच अडकून बसतो मेला!" असे म्हणून गृहिणी तो भंगाराच्या ढिगावर ठेवते आणि गृहस्वामी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मान डोलावतात. वाचकहो, या एका वस्तूबाबत थोडा दम धरावा, अशी माझी विनंती आहे. जो अडतो तो मेलेला नसतो. तो कुठे अडतो, हे पाहिले तर निम्मे निदान घरच्या घरी होते.

बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत आत जे घडते, ते पालखीचे खांदे बदलण्यासारखे आहे. पहिला खांदा 'बायॉस' नावाच्या छोट्या प्रोग्रामचा. अलीकडच्या यंत्रांत त्याला 'यूईएफआय' म्हणतात. तो मेमरी मोजतो, कीबोर्ड आणि डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो आणि पालखी डिस्कवरच्या विंडोजकडे देतो. मग विंडोज एकेका भागाचे 'ड्रायव्हर' उठवते आणि शेवटी आपले नाव विचारते. पालखी ज्याच्या खांद्यावर थांबली, त्याची चौकशी आधी करावी.

कंपनीचे बोधचिन्ह दिसते आणि पुढे काहीच नाही, असे असेल तर गाडी पहिल्याच खांद्यावर थांबली आहे. प्रथम पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस, जे जे बाहेरून खुपसले आहे ते सारे काढावे. विसरलेल्या एका पेनड्राइव्हनेही यंत्र खोळंबते. मग चार्जर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढावी, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि केवळ चार्जर लावून पाहावे. तरीही हलत नसेल, तर वीज पूर्ण तोडून मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवाव्यात. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे लबाड कोणती ते कळते. डिस्क काढून ठेवल्यावर यंत्र पुढे सरकून 'डिस्क सापडत नाही' अशी तक्रार करू लागले, तर दोष बहुधा डिस्कचा समजावा. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तर यातले काहीही करू नये. यंत्र बंद ठेवून सरळ जाणत्याकडे न्यावे.

बोधचिन्ह ओलांडून ठिपक्यांचे चक्र नुसते फिरत राहिले, तर पालखी विंडोजच्या खांद्यावर आहे. अशा वेळी पहिले औषध धीर. अपडेट चालू असेल तर जुन्या यंत्राला तासभर सहज लागतो. त्यानंतरही चक्र थांबले नाही, तर सुरू होता होताच बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे तीनदा केले, की विंडोज १० आपण होऊन दुरुस्तीचे निळे पान उघडते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जाऊन यंत्र पुन्हा सुरू करावे आणि ४ हा आकडा दाबावा. याला 'सेफ मोड' म्हणतात. त्यात यंत्र सुरळीत चालले, तर संशय नुकत्याच घातलेल्या प्रोग्रामवर किंवा ड्रायव्हरवर घ्यावा आणि त्याला घराबाहेर काढावे.

तिसरा प्रकार मात्र जपण्याचा. गेल्या चैत्रात माझ्या आत्याचा अकरा वर्षांचा लॅपटॉप असाच चक्रावर अडला. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, फॉरमॅट मारतो. संध्याकाळी न्या, नव्यासारखा होईल." आत्याने फोन करून मला विचारले, "अरे, फॉरमॅट म्हणजे काय?" मी म्हटले, "पाटी पुसणे." पलीकडून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. अर्ध्या तासात आत्या लॅपटॉपसह माझ्या दारात! आतोबांनी शेवटच्या आजारपणात नातवंडांसाठी कोकणातल्या आपल्या लहानपणच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या त्या यंत्रात होत्या, आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

मी यंत्राला कान लावला. आतून टक् टक् येत होते. जुन्या लॅपटॉपच्या डिस्कमध्ये एक तबकडी असते. बहुतेकांत ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकते. इथले वाचणारे टोक न टेकता केसाहूनही कितीतरी बारीक अंतरावर तरंगते. वयोमानाने तबकडीचा एखादा भाग वाचता येईनासा होतो. यंत्र तीच जागा पुन्हापुन्हा वाचू पाहते, आणि आपल्याला वाटते ते गोठले. अशा डिस्कला दर वेळी सुरू करणे म्हणजे दमेकऱ्याला जिने चढायला लावणे. तिथे दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नयेत. आधी सामान बाहेर काढावे.

दुसऱ्या संगणकावर मी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली पेनड्राइव्हवर घेतली आणि आत्याचा लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. तो निमूटपणे उठला. म्हणजे पडदा, मेमरी, बाकी सारे धडधाकट होते. मग डिस्क उघडून आतोबांच्या गोष्टी सर्वांत आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. रात्रीचा एक वाजला. फोटोंचे दोन फोल्डर आले नाहीत, पण गोष्टी सगळ्या आल्या. पहिली लावून पाहिली, तेव्हा आत्या उभ्याउभ्याच ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्यांचा खोकलासुद्धा आलाय बघ."

पुढचे काम सोपे होते. तपकीर गल्लीतून अडीच इंची एसएसडी आणून बसवली. तिच्यात फिरणारे काही नसते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्राला सहसा स्वीकारत नाही, म्हणून तिच्यावर मिंटच घातले. वीजबिल भरणे, पत्र लिहिणे, नातवाशी बोलणे एवढे आत्याला त्यात छान जमते.

एवढी उठाठेव ज्यांना नको, त्यांनी दुकानात खुशाल द्यावा. मात्र पावतीवर 'आधी आतले सामान काढून द्यावे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे लिहून घ्यावे. नव्या यंत्रांत डिस्कला कुलूप असते. विंडोजमध्ये त्याला 'बिटलॉकर' म्हणतात. त्याची किल्ली, म्हणजे तो ४८ आकड्यांचा क्रमांक, आजच वहीत उतरवून ठेवावा. आणि ज्यांचा लॅपटॉप अजून सुरळीत चालतो आहे, त्यांनी घरातले फोटो आणि आवाज आणखी दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत. फराळाचे डबे भरून झाले, की एका दुपारचे काम आहे. पाडव्याआधी उरकून टाका.